उतरत्या पाण्यात बांधलेला दोर

“उतरत्या पाण्यात दोर बांधू नये, होडी फासावर जाते,” असे माझे वडील मी नऊ-दहा वर्षांची असताना म्हणाले होते. माझा जबाब या वाक्यापासून लिहावा, असे मी सांगितले. ठाण्यातले अंमलदार म्हणाले, “बाई, आधी वय, धंदा, पत्ता. वाक्यं मागाहून.” तर वय ४६, धंदा सोफ्यांची व गाद्यांची कव्हरे शिवणे, राहणार कालव्याकाठची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला. वडील माझ्याकडे असतात.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे वडील, वय ७८, शाळेत चित्रकला शिकवत. त्यांची एक लहान होडी आहे. सुटीच्या दिवशी आम्ही ती कालव्यातून नेतो. जायचे कुठेच नसते. काठावरून चालणारी माणसे आमच्या पुढे निघून जातात. गेल्या रविवारीही कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ ओरडले, “सर, उतरून ढकला, लवकर पोचाल!” वडील म्हणाले, “पोचायचंय कोणाला?” गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून डावा पाय ओढतात. सुकाणू पूर्वीसारखेच धरतात. जुने सगळे आठवते, सकाळचे मात्र दुपारी आठवत नाही.

त्या रविवारी, म्हणजे अपघाताच्या दिवशी, माझा धाकटा भाऊ व भावजय सोबत होते. भाऊ सारखा फोन बघत होता. “ताई, यापेक्षा एखादी गोगलगाय भाड्याने घ्यायची,” असे तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

कालवा जिथे खालच्या पातळीला उतरतो, तिथे दोन मोठ्या दरवाजांच्या मध्ये होडी उभी करतात आणि आतले पाणी सोडतात. पाण्याबरोबर होडी खाली जाते. अशा वेळी दोराचा काठावरच्या खुंटाला नुसता वळसा द्यायचा, टोक हातात धरायचे आणि थोडे थोडे सोडत राहायचे. आमच्या घरात हे लहानपणीच शिकवले जाते. भावाला मी स्वतः शिकवले आहे.

पुढचा दोर माझ्याकडे होता, मागचा भावाकडे. आम्ही दोघे काठावर होतो. वडील सुकाणूपाशी बसले होते व भावजय होडीच्या छपराखाली स्टोव्हवर चहा करत होती. भावाचा फोन वाजला. त्याने खुंटाला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि बोलत बोलत झाडाखाली गेला. मी हाक मारली. त्याने ‘एक मिनिट’ असे बोट दाखवले.

त्या वेळी वडील काय करत होते, हे दोनदा विचारण्यात आले. ते कालव्याच्या भिंतीवरच्या ओल्या दगडांत उगवलेले नेचे मला दाखवत होते. “बघ गं, या हिरव्याला नाव नाही,” असे म्हणत होते. दुसरे काही बोललेले नाहीत. भावाशी तर नाहीच.

पाणी खाली गेले. होडीची मागची बाजू दोराला लटकून वरच राहिली व पुढची बाजू खाली झुकली. आत भावजय आदळली. तिचा हात मनगटात मोडला व त्यावर उकळता चहा सांडला. वडील सुकाणूला लोंबकळत राहिले. दरवाजेवाल्याने पाणी थांबवून दोर तोडला.

मी भावजयीबरोबर इस्पितळात असताना हवालदार माझ्या घरी आले. वडिलांजवळ भाऊ बसला होता. हवालदारांनीच मला सांगितले की, भाऊ म्हणाला, “बाबा, तुम्हीच नाही का म्हणालात, बांधून टाक म्हणून?” वडील म्हणाले, “तू म्हणतोस तर म्हणालो असेन.” एवढ्यावर त्यांची सही घेतली.

मी भावाला जाब विचारला. तो म्हणाला, “ताई, त्यांना काय फरक पडतो? उद्या विसरतील. माझ्यावर केस झाली तर नोकरी जाईल.” मी त्याच्या कानाखाली मारली. हेही लिहावे. भावजयीला मी खरे सांग म्हटले. ती म्हणाली, “वन्सं, हात जुळेल. पण मला परत त्याच घरात जायचंय.” तिच्यावर माझा राग नाही.

वडील विसरलेले नाहीत. ते खोलीतून बाहेर येत नाहीत. जेवायला बसले की विचारतात, “सूनबाईचा हात कसा आहे? माझ्यामुळे झालं ना गं?” मी नाही म्हणते. माझे ‘नाही’ ते संध्याकाळपर्यंत विसरतात. आपल्या हातून झाले, एवढे मात्र विसरत नाहीत.

अंमलदार म्हणाले, “घरातला मामला आहे, अपघात म्हणून मिटवू. म्हाताऱ्या माणसाला कोण शिक्षा करतंय?” शिक्षा रोज दोन वेळा ताटावर चालू आहे, असे मी सांगितले. ते लिहून घेतले नव्हते. मी सही करायला नकार दिल्यावर लिहिले.

सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच यात आहे, म्हणून सही करते. खाली एक विनंती जोडावी. भावाला माझ्या वडिलांसमोर बसवावे आणि “बाबा, तुम्ही काही म्हणाला नव्हतात, गाठ मी मारली,” एवढे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे. त्याच्यावर केस नाही केली तरी चालेल. असे करण्याची पद्धत नाही, हे साहेबांनी आधीच सांगितले आहे. तरी विनंती आहे.