दोन अमूती

(फोनवर. रुसोके राजधानीत, कंपालात; वयस्कर काबाहेंडा दूर फोर्ट पोर्टलच्या रेडिओ केंद्रात.)

— वायर ओढा! टेबलाखालची काळी वायर, आत्ता!

— कोण बोलतंय?

— रुसोके! आधी वायर ओढा, मग बोलू!

— रुसोके म्हणे. पाच महिन्यांनी फोन करतोस, आणि ना एम्पाकोने, मायेच्या नावाने, हाक, ना रात्र कशी गेली ही चौकशी. कंपालात माणसं अशी होतात का रे? माझं एम्पाको तरी आठवतंय?

— अब्वोली! अब्वोली, हात जोडतो तुम्हाला...

— हं, आता कसं. आई बरी आहे ना, आराली?

— बरी आहे! सगळे बरे आहेत, शेळ्यासुद्धा! अहो, तो छोटा कॉम्प्युटर, लिनक्सचा सर्व्हर, ज्यात म्हाताऱ्यांच्या आवाजातल्या गोष्टी ठेवल्यात, तो पुसला जातोय!

— काहीतरीच. दिवा तर छान लुकलुकतोय.

— लुकलुकतोय म्हणजे पुसणं चालू आहे!

— अरे देवा. थांब, वाकते. हे गुडघे... दोन वायरी आहेत. दोन्ही काळ्या.

— दोन्ही ओढा.

— ओढल्या. पंखा बंद पडला.

— आणि दिवा?

— विझला. कुणी पुसायला घेतला होता तो?

— मी.

— तू? अरे, तूच आणून बसवलास ना इथे? केवढं कौतुक होतं तुला त्याचं.

— माझ्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. तो शाळेला द्यायचा होता, म्हणून कोरा करत होतो. त्याचं नाव अमूती.

— आणि आपल्या इथल्याचं?

— तेही अमूती. मी प्रत्येक कॉम्प्युटरला एम्पाको ठेवतो. एम्पाको सगळी मिळून बाराच, माझ्याकडे कॉम्प्युटर चौदा. म्हटलं, माणसांत नाही का एकाच घरात दोन अमूती असतात? चालून जाईल.

— माणूस हाक मारली की तोंड वर करून बघतो रे, बाबा. हा डबा काय बघणार?

— स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. दोन्हीत अमूती. मी चुकीच्या खिडकीत हुकूम दिला.

— मग थांबवायचास ना. एरवी सगळं तिथूनच तर करतोस.

— लक्षात आलं तोवर माझं नेट गेलं. आणि लाईन तुटली तरी काम चालू राहावं, अशी सोय मीच करून ठेवलेली.

— शहाणाच आहेस. दुसरी प्रत असेल ना? तू म्हणाला होतास.

— आहे. म्हणजे, होती. त्याच डिस्कवर.

— म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच.

— बोला, अजून बोला. किती वेळ फोन लावत होतो मी तुम्हाला?

— मी शेंगदाणे निवडत होते बाहेर. वाजत होता खरा. तीनदा वाजला असेल.

— बारा मिनिटं गेली त्यात. डिस्क सुरुवातीपासून पुसली जाते. आपण जे आधी भरलं ते आधी गेलं.

— पहिलं वर्ष.

— बहुतेक सगळंच. पुढचं वाचेल असं वाटतंय. तो पुन्हा लावू नका. कुणालाही लावू देऊ नका. दुपारच्या बसने निघतो.

— पहिल्या वर्षी एकोणीस जणं आली होती. मीच यादी केली होती. त्यातली चार आहेत आता. बाकीच्यांच्या मातीला मी स्वतः जाऊन आलेय.

— अब्वोली, चूक माझीच आहे.

— तुझीच आहे. राग आलाय मला तुझा, आणि तो आज-उद्यात जायचा नाही. पण ये. रेकॉर्डर घेऊन ये. त्या चौघांकडे उद्या सकाळीच जायचं. एकाला तर आता ऐकूही येत नाही.

— बोलतात ना?

— बोलतात. कालच भांडले माझ्याशी.

— आणि तुमची आई? ती असताना तिची गोष्ट पहिल्याच आठवड्यात घेतली होती आपण.

— माहीत आहे. मीच तिला नवा बुसुटी, तो सणासुदीचा पायघोळ झगा, नेसवून आणलं होतं. रेडिओवर कपडे कुठे दिसतात म्हणून तू हसला होतास.

— गोष्ट तुम्हाला येते का तिची?

— पाठ आहे रे. पण गोष्टीतल्या सशाचं सोंग उघडं पडायच्या आधीच तिला हसू फुटायचं, आणि मग तिलाच पुढचं सांगता यायचं नाही. ते मी कुठून आणू?