पाटीवर रोटकार, पायाखाली शाफआल्म

जबाब

नाव : फिलोमेना राइनर, गावात मेना म्हणतात. वय : २२ वर्षे. धंदा : या हिवाळ्यात बुर्गीताईंच्या खानावळीत स्वयंपाकाला मदत आणि भांडी. पत्ता : सध्या त्याच खानावळीत, स्की वाळवायच्या खोलीवरची खोली. मार्चनंतरचा पत्ता विचारला, तो माहीत नाही.

समक्ष विचारल्यावरून लिहून देते की, हा कागद मला दुपारी एक वाजता दिला आणि आता दोन वाजून वीस मिनिटे झाली आहेत. एवढ्या वेळात मी नाव-गाव लिहिलं, पेन्सिलीला दोनदा टोक केलं आणि चौकीच्या भिंतीवरचा नकाशा पाहत बसले. अधिकारी लेखनरबाई वायरलेसवर आहेत, म्हणून मीच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "जे झालं तेवढंच लिही. वर्णनं नकोत." मी टाळत होते, कारण लिहायला लागलं की पाटीपर्यंत यावं लागणार.

रोमेड आउअर, वय ७३, बुर्गीताईंचे वडील. चाळीस वर्षे लोकांना डोंगरावर नेलं. ऑगस्टमध्ये त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितलं, हलकं चढायला हरकत नाही. बुर्गीताईंनी अट घातली : या गावातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात सुरक्षित चढाई, आणि बरोबर मेना. माझी निवड का झाली हे मी विचारलं नाही. मी एक उन्हाळा स्वीडनच्या फेरीबोटीवर होते आणि एक द्राक्षं तोडायला, पण स्कीवर मला रोमेडकाकांनीच उभं केलं आहे, मी पाच वर्षांची असताना.

चढाई निवडायला तीन संध्याकाळी लागल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून मी नाव काढायचे आणि काका खोडून काढायचे. एक वाट ओढ्याच्या घळीतून जाते म्हणून नको. एका वाटेच्या डोक्यावर रोटकारचा कडा आहे, तिथून काहीही खाली येऊ शकतं, म्हणून नको. एक वाट मला आवडली होती, तिथे मधे एक सुंदर पडका गोठा आहे, तर म्हणाले, "गोठा बघायला उन्हाळ्यात जा." शेवटी शाफआल्म ठरली. जंगलातला रस्ता, मग मेंढ्यांची कुरणं, चढ पाचशे मीटरपेक्षा थोडा कमी. उतार कुठेही पंचवीस अंशांपेक्षा जास्त नाही, वर काही लटकलेलं नाही आणि परतायला तोच रस्ता.

"इथे बर्फ घसरायचा म्हटलं तर मागून ढकलावा लागेल," काका म्हणाले.

"मग झालं तर. हीच."

"ही शाळेतल्या मुलांची आहे, मेना."

"तुमचा सांधाही शाळेतलाच आहे. सहा महिन्यांचा."

बुर्गीताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं पीठ नकाशावर सांडलं.

आज मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी सहा वाजता मी हिमस्खलनाचा इशारा वाचून दाखवला : खाली धोका पाचपैकी दोन, बावीसशे मीटरच्या वर तीन. वाऱ्याने साठलेला बर्फ, ईशान्येचे उतार टाळावेत. रोटकारचा उतार ईशान्येचा आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

खानावळीच्या दाराशी पाटी आहे. डोंगरावर जाणाऱ्याने तिच्यावर नाव, जागा आणि परत यायची वेळ लिहायची. पाटीवर लिहिलं तिथेच जायचं, बेत बदलला तर आधी पाटी बदलायची. सात वाजून दहा मिनिटांनी काकांनी खडू घेतला आणि लिहिलं : रोमेड, मेना, रोटकार, बारा.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

"दहा वाजता कासियान कॉफीला येतो. शाफआल्म वाचलं तर तो मला पुरल्यावरसुद्धा येऊन हसेल."

कासियान टोनर, वय ७४, हेही गाइड होते. दोघांनी तीस वर्षे एकाच दोराला बांधून घेऊन काम केलं. अकरा वर्षांपूर्वी कासियानकाका भर खानावळीत म्हणाले, "रोमेड, तुझे पाय संपले, आता थांब." तेव्हापासून ते रोज एकाच टेबलावर बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

मी पाटी पाहिली. मी हसले. मी ती पुसली नाही. हे मी स्वतःहून सांगते आहे, मला कुणी विचारलेलं नाही.

चढताना काही विशेष घडलं नाही. गाडीतळावर आम्ही शोधयंत्रं तपासली, बर्फाखाली गाडलं गेलं तर माणूस सापडावा म्हणून अंगावर बांधतात ती; दोन्ही चालू होती. त्यांच्याजवळ फोन चालू ठेवत नाहीत, म्हणून फोन बंद केले. काका दर वीस मिनिटांनी थांबत होते आणि प्रत्येक वेळी झाडांकडे बघायला थांबल्यासारखं दाखवत होते. एका ठिकाणी त्यांनी दोन काठ्या टेकवून मला उतार मोजायला लावला. तेवीस अंश आला. "शाबास," म्हणाले, जणू तो उतार मीच तयार केला होता. साडेनऊला वर पोचलो. झोपडी मंगळवारी बंद असते. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही डुकराचं खारवलेलं मांस आणि राईची भाकरी खाल्ली. काका म्हणाले, "मला वाटलं होतं हे आता होणार नाही." मी त्यांना चहा ओतून दिला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी पलीकडून आवाज आला. काकांनी मान वळवली. "रोटकार," म्हणाले. "सगळा उतार खाली आला." आणि थोड्या वेळाने, "तिथे आज कुणी जाणार नाही."

मी पाटीबद्दल बोलले नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. तरी आम्ही डबा न पुसताच पिशवीत कोंबला आणि निघालो.

अकरा चाळीसला खाली पोचलो. खानावळीसमोर बचाव पथकाची गाडी होती. बुर्गीताईंनी वडिलांना पाहिलं आणि पायरीवरच बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं : दहाला कासियानकाका आले, पाटी वाचली, म्हणाले, "या गाढवाला आजचा इशारा कळला नाही का?" दोघांचे फोन लागले नाहीत. कॉफी तशीच ठेवून ते स्की घेऊन आम्हाला परत फिरवायला गेले. त्यांच्याकडे फोन नसतो. त्यांचे माग रोटकारच्या पायथ्यापर्यंत जातात आणि कोसळलेल्या बर्फाखाली शिरतात.

रोमेडकाकांनी बाहीने पाटी पुसली. मग पुन्हा स्की पायात घालायला लागले. चौघांनी धरून ठेवलं तेव्हा थांबले.

आता वर अकरा माणसं आणि दोन कुत्रे आहेत, तेही त्याच उताराखाली. शोधयंत्रावर अजून काही ऐकू आलेलं नाही. रोमेडकाका चौकीबाहेरच्या बाकावर आहेत. मी त्यांना दोनदा चहा नेला, दोन्ही पेले भरलेले आहेत. त्यांनी मला एकच विचारलं : "त्याने कॉफीत साखर घातली होती का?" मी बुर्गीताईंना फोन करून विचारलं. घातली होती.

खडू काकांचा होता, पण पाटी दोघांची होती. माझंही नाव तिच्यावर होतं.

वरील मजकूर लेखनरबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पडका गोठा काढायला सांगितला, मी नाही म्हटलं. बाकी सर्व मी लिहिल्याप्रमाणे खरं आहे म्हणून सही करते.

फिलोमेना राइनर
दुपारी ३ वाजून ५ मिनिटे

सहीखाली लिहू नये असं बाई म्हणाल्या होत्या, पण आता त्या वायरलेसवर सगळ्यांना खाली बोलावत आहेत, म्हणून लिहिते. दार उघडून कासियान टोनर आत आले आहेत. अंगावर बर्फाचा कण नाही, नाक उन्हाने लाल. म्हणतात, रोटकारवर चढणारा एकही माग नव्हता, तेव्हाच कळलं की गाढव खोटं बोललं. ते बर्फ कोसळायच्या आधीच पायथ्यावरून वळून पलीकडच्या जंगलातून शाफआल्मला गेले. तिथे आमचे माग सापडले, एक सरळ आणि एक उजवा पाय ओढणारा.

"मग इतका वेळ कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"बर्फ छान होता," ते म्हणाले. "दोनदा चढलो."

बाहेर बाक सरकल्याचा आवाज आला. मी जाते.