टाकाऊ, की ठेवा?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालकसाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या उत्सवमूर्ती आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

बाई आज निवृत्त होताहेत. संस्थेत त्यांना सगळे ‘सालीवाल्या बाई’ म्हणतात. बाई, तोंडावर पहिल्यांदाच म्हणतोय, रागावू नका! भोपळ्याच्या साली, कारल्याच्या बिया, कलिंगडाचा पांढरा भाग... आपण जे केरात टाकतो, शेताच्या कडेला जे ढिगाने कुजतं, त्यातून माणसाच्या तब्येतीला उपयोगी पडतील अशी द्रव्यं शोधण्यात त्यांनी उभी नोकरी खर्ची घातली. साली मागायला त्या बाजारात शिरल्या की भाजीवाले विचारायचे, "बाई, म्हैस दूध किती देते हो?"

आणि प्रामाणिकपणा? कारल्याच्या बियांच्या अर्काने उंदरांची साखर उतरली, तेव्हा यजमान, स्वतः मधुमेही, म्हणाले, "अगं, मलाही दे की चमचाभर." बाई म्हणाल्या, "उंदीर झालात की देईन." हसताय काय? घरच्या माणसालाही खोटी आशा न दाखवणं सोपं असतं का?

आता बरण्यांची गोष्ट. वाळवलेल्या सालींच्या बरण्यांवर बाईंनी शास्त्राला धरून चिठ्ठ्या लावल्या: ‘टाकाऊ भाग’. सफाईच्या मावशी तेव्हा नव्या. त्यांनी वाचलं आणि इमानेइतबारे सगळं टाकून दिलं. अख्ख्या हंगामाची मेहनत हो! आम्ही मावशींवर तुटून पडलो, तर बाईंनी आम्हालाच गप्प केलं. "लिहिलं मी. त्यांनी फक्त वाचलं." मग पुन्हा बाजार, पुन्हा साली, पुन्हा वाळवण. नव्या बरण्यांवर त्यांनी एकच शब्द लिहिला: ‘ठेवा’. मावशींसाठी ती सूचना होती. आम्हाला त्याचा दुसरा अर्थ हळूहळू कळला.

संचालकसाहेब, भीत भीत बोलतो. बाईंच्या खोलीत उद्यापासून मोडकं फर्निचर ठेवायचं घाटतंय, असं कानावर आलं. मग ते अर्ध्यावर आलेलं काम, त्या बरण्या, जाणार कुठे? बाईंनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, म्हणून मी मागतोय. आज सकाळी तिथे गेलो, तर दारावर चिठ्ठी. अक्षर मावशींचं, गिरवून गिरवून काढलेलं: ‘ठेवा’. साहेब, आमच्याकडे हा शब्द वाचल्यावर कोणी काही टाकत नाही.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पदरात घ्या. तेही जमलं नाही, तर टाकू नका, बाईंकडे द्या. त्यांना त्यातही काहीतरी कामाचं सापडेल.