डबड्याला नाव पाह्यजे!

न्हाई पण तुमीच सांगा, नवऱ्याच्या नावाचा आन् बायकोच्या बीपीचा काय संबंध? हां? दंड माझा, पट्टा माझ्या दंडाला आवळलेला, चक्कर मला येऊन राह्यली, आन् ते डबडं मधीच ईच्यारतंय, पतीचं नाव काय! आरं, तुला इलाज करायचाय का सोयरीक जमवायची? बरं, मी म्हणलं सोडून दे तेवढी जागा, पुढं चल. तं चालत न्हाई! आडेल बैलासारखं तिथंच उभं! जवर नाव पडत न्हाई तवर फुढचं पान उघडत न्हाई. माणूस गेला तरी चालन, पण डबड्याला नाव पाह्यजे!

थांबा, असं मधूनच सांगितलं तं तुमाला काय कळायचं.

डबडं म्हंजे कंपुटर. आमच्या धावड्यात, चावडीमागच्या खोलीत, माझ्या नातवानं मांडलेला. वसंता त्याचं नाव. नातवाचं नाव घ्यायला बंदी न्हाई, तेवढं बरंय. तं हा वसंता औरंगाबादला एका दुकानात दुसऱ्याचे कंपुटर दुरुस्त करीत बसायचा, सणावारालाच घरी. आन् एक दिवस एसटीतून उतरला ते मांडीएवढं खोकं छातीशी धरून, जसं काय बारशाचं लेकरू! म्हणे, "आजी, आता मी गावातच धंदा करणार." म्हणलं कशाचा बाबा, खताचा का बियाण्याचा? म्हणे, "दवाखान्याचा." म्हणलं डाक्टर कुठाय? म्हणे, "डाक्टर औरंगाबादला, पेशंट धावड्याला, मधी तार." म्हणलं, तारंतून सुई कशी येईन रे? तं हसतंय नुसतं!

भागीत त्याच्या अजमत. आमच्या गल्लीतलाच, वायरमन. टायपिंग बी शिकलेला. बरं, लाईट तं दिवसभर गायब, मंग डबडं चालावं कशावर? ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. आन् ट्रॅक्टर कुणाचा? ह्यांचा! म्हंजे… वसंताच्या आजोबांचा. झालं! तवापासून हे जे खोलीच्या पायरीवर बॅटरीपशी बसले ते बसलेच. तंबाखू मळायची आन् दर घडीला आत बघून ओरडायचं, "जल्दी उरका रे, बॅटरी उतरून राह्यली! मला रान नांगरायचंय का तुमच्या टीव्हीवर त्या बाईला नाचवायचंय?"

ती बाई म्हंजे आमची डाक्टरीण. काचंत दिसायची, गळ्यात नळी घालून. पण तिचं एक लई गमतीचं, आधी तोंड हालायचं, मंग आवाज यायचा. तिनं "जीभ दाखवा" म्हणावं, आपण जीभ भाईर काढावी, तवर ती "ठेवा आत" म्हणून गेलेली आसायची आन् आपण तसेच बसलेलो, जीभ लोंबती!

पण तुमाला सांगते, यात गंमत कमी आन् घोर जास्त व्हता. डबडं पुण्याच्या कंपनीचं. त्यांचे साहेब वसंताला बोलले व्हते, पोळ्यापर्यंत बघू, बायामाणसं आली तं ठिवू, न्हाई तं उचलून दुसऱ्या गावाला. आन् डबडं गेलं का वसंता बी गेला, परत त्या दुकानात! आता कुठं लेकरू माझ्या हातची भाकर खाऊन राह्यलं व्हतं, रात्री आंगणात बाज टाकून माझ्याशी बोलत पडायचं. मी जाऊ देणार? मी मनात म्हणलं, गावातल्या एकूण एक बाईला तिथं नेऊन बसवीन, धडधाकट आसली तरी!

आन् नेल्या का न्हाई? बराबर नेल्या! पण आमच्या गावात कौसल्या किती? दगड भिरकावला तं कौसल्येलाच लागन. म्हणून डबड्याला नाव पाह्यजे, नवऱ्याचं. आता आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेती व्हय? बाई गप बसती आन् शेजारीण सांगती, ही रीत. तशीच चालली. वरच्या आळीची कौसल्या आली, साठीची, गुडघेदुखीची. शेजारीण म्हणली, "बंडूची हाये ही." खालच्या आळीची कौसल्या आली, नवी सून, मळमळतंय म्हणून. तिची शेजारीण म्हणली, "बंडूची हाये ही." झाला ना शेवयांचा गुंता! दोन बंडूच्या दोन कौसल्या, डबड्याला वाटलं एकच बाई हाये, सकाळी गुडघ्यानं आल्ती, दुपारी मळमळीनं. आन् म्हातारीच्या हातात कागद आला, "अभिनंदन, तिसरा महिना, जड उचलू नका!"

आवो, गोळ्या दिलेल्या न्हवत्या म्हणून बरं! म्हातारी तं तोंडाला पदर लावून घरात बसली. पण तिचा म्हातारा बंडू? त्यो मिशीला पीळ देत गावभर हिंडला! पारावर जाऊन पान काय खाऊ घातलं लोकाला! आन् हिकडं त्या पोरीची सासू, कागदात लिव्हलंय म्हणून, सुनंच्या गुडघ्याला तेल चोळीत बसली. सून म्हणती, "आत्याबाई, गुडघा दुखत न्हाई, वकारी येऊन राह्यली." सासू म्हणती, "डाक्टरीण शिकलेली का तू?"

मंग काचंतली डाक्टरीण तापली. आधी तोंड तापलं, मंग आवाज आला. "आजपासून शेजारीण आत येणार नाही. बाईनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं. आणि अजमत, बाई जे सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, मनाचं काही नाही!"

झालं कल्याण.

दुसऱ्या दिवशी बाया येत, खुर्चीवर बसत, पदराचं टोक दातात. डाक्टरीण ईच्यारी, "पतीचं नाव?" एक म्हणली, "हायेत की." "अहो, आहेत, पण नाव काय?" "भाईर बसलेत, त्यांनाच ईच्यारा." दुसरी म्हणली, "चतुर्थीला ज्याची पूजा आसती ना…" डाक्टरीण खूश, "गणपत?" "न्हाई बाई. त्येचा बाप." "शंकर?" "त्येच… पण डोंगरावर राहणारा." आता डाक्टरीण काचंत देव मोजीत बसली! तवर तार तुटली, ह्यांची बॅटरी उतरली, आन् बाई उठून घरी गेली, दुखणं पदरात बांधून. दोन-चार दिवसात बायांची वळ काय, चिमणी फिरकंना खोलीत. वसंता डोक्याला हात लावून बसला. अजमत म्हणतो, "दादी, कुछ करो. साहब पोले को आता बोले. मेरी अम्मा खुद अब्बा का नाम न्हई लेती, कौसल्याबाई को क्या बोलूँ?"

तवा मी दारात उभी राह्यले. आत जायाला बंदी, पण दारातून बोलायला कुणाच्या बापाची बंदी? आत गिरिजाबाई बसलेली, मुक्यावानी. म्हणलं, "काऊन गं, लग्नात घेतलं व्हतं का न्हाई नाव? जात्यात घालून, फुलात घालून, घेतलंच ना सगळ्यांच्या म्होरं? मंग तसंच घे! काय उघडं नाव घ्यायचं न्हाई, उखाण्यात गुंडाळून घे!" गिरिजाबाईनं पदर सोडला, काचंकडं बघितलं, खाकरली, आन् जी सुटली…

"चुलीवर ठिवला तवा, तव्यावर टाकली भाकर,
शिवाजीरावांच्या संसारात रक्तात झाली साखर!"

डाक्टरीण आधी दिसायला हसली, मंग ऐकायला हसली! नाव बी आलं, दुखणं बी आलं! दवाखान्यात आशी बाई कधी बघितली का, जी एका दमात दोन्ही सांगती?

बस! मंग काय ईच्यारता. वाऱ्यासारखं पसरलं. बाया नटून यायला लागल्या, नथी घालून! घरून उखाणे जुळवून यायच्या, वळीत उभ्या राहून एकमेकीला ऐकवायच्या, "आगं ते अंगावरून जाणं उखाण्यात कसं बसवू?" "बसव की, पावसाळा घाल!" अजमतची माय सुगराबी आली, बुरख्यात. पोरगा समोर टायपिंगला बसलेला. म्हणली, "तू मुंडी उधर कर." आन् कॅमेऱ्याकडं बघून…

"ज्वार की रोटी, लसन की चटनी, उप्पर पानी का गिलास,
सिराजोद्दीन का नाम लेती, जीना चढी तो फूलती सांस!"

अजमत कान लाल करून टाईप करून राह्यला! शेजारच्या खेड्यांतून जीपगाड्या भरून बाया आल्या. आन् खरं सांगू? एकदा नाव घेतलं, हसू फुटलं, का बाईची भीडच मोडायची. मंग ज्या दुखण्याचं सख्ख्या मायला सांगितलं न्हाई ते त्या काचंतल्या बाईला भडाभडा सांगायच्या. कितीकांना वेळंवर औरंगाबादला पाठवलं, न्हाई तं कधी कळलं आसतं? दुखणं तं हसत भाईर आलं, आता बोला!

मला वाटलं, जिंकले. वसंता र्‍हातो.

आन् पोळ्याच्या आदल्या दिवशी आले पुण्याचे साहेब. गोरे, घामाघूम, हातात कागदाचं भेंडोळं. इकडं बैलं नदीवर धुवून राह्यलेत, शिंगं रंगवून राह्यलेत, आन् तिकडं खोलीत साहेब कडाडले. "हे काय आहे? पतीचे नाव, चुलीवर ठेवला तवा? पतीचे नाव, ज्वार की रोटी? ही रुग्णांची नोंद आहे का लग्नाची पंगत?" अजमत म्हणतो, "साब, मॅडमने बोला था… जैसा बोले वैसा लिखो." आन् त्या भल्या माणसानं मुळापासून लिव्हलेलं बरं का! बायांचे उखाणे पुरे, खाकरलं तं खाकरणं सुद्धा!

साहेब म्हणे, "पुण्यात सगळे हसतायत मला. बंद करा हे." आन् वाकले वायर काढायला. वसंताचं तोंड असं पडलं, जसं काय पोळ्याच्या दिवशी बैल विकला. म्हणतो काय तं, "ठीकय साहेब. मी भरून देतो सामान."

तेवढ्यात काचंत डाक्टरणीचं तोंड हालायला लागलं. आमी सगळे तोंडाकडं बघून राह्यलो, आवाज येईना! साहेबांच्या हातात वायर, आन् आवाज येईना! मी म्हणलं, "थांबा ओ साहेब, बाईचा आवाज वाटंत हाये!" आन् आला. "वायर सोडा साहेब! तुमच्या बाकीच्या गावांत बायका येतात, मान खाली घालतात, 'बरंय' म्हणून निघून जातात. तिथली मशीनं वापराविना रुमाल टाकून ठेवलीत. फक्त धावड्याची बाई माझ्याशी बोलते. तुम्हाला नुसती नावं पाहिजेत का माणसं?"

पण साहेबच ते, हारतील कशे? भेंडोळं उलगडलं, बोट ठिवलं. "बरं. मग ही पहिलीच नोंद बघा. तुळजाबाई. पतीचे नाव, 'वसंताचे आजोबा'! कोण ह्या?"

सगळी खोली माझ्याकडं वळली. वळीतल्या बाया सुद्धा, नथीसकट! ती गुडघ्याची कौसल्या तं खुदूखुदू हसून राह्यली. "अगं बाई! आख्ख्या गावाला नाचवलं आन् आपण कोरडी?"

साहेब म्हणे, "आजी, ज्यांनी पद्धत काढली त्यांनाच जमत नसेल तर ती दुसऱ्या गावांना कशी जमेल? तुम्ही घ्या नाव. मशीन ठेवतो."

आता तुमाला सांगते, मी नाव कधीच घेतलेलं न्हाई. लग्नात एवढीशी व्हते, बायांनी लई छळलं, मी रडून गोंधळ घातला, सासरा म्हणला, राहू द्या. तवापासून पन्नास वर्सं, "आवो", "ऐकलं का", "ते आलते", "हे गेलते". लेकरं झाली, त्यांच्या नावानं ढकललं. नातू झाला, त्याच्या नावानं ढकललं. आन् हे भाईर पायरीवरच बसलेले, बॅटरीपशी! ऐकू कमी येतं, पण नको तेवढंच बराबर येतं. अजमतनं मला खुर्चीत बसवून दंडाला पट्टा आवळला, फुगा फुगतोय… आन् वसंता माझ्याकडं बघून राह्यला, लहानपणी जत्रंत पाळण्याकडं बघायचा तसा. म्हणलं, मरू दे! डबड्याला नाव पाह्यजे ना? घे!

"दंडाला बांधला पट्टा, कपाळाला फुटला घाम,
पन्नास वर्सं गिळलेलं नाव, लिव्ह बाबा… पुंजाराम!"

अजमतचं बोट हवंत. आन् पायरीवरून आवाज आला, "राव कुठं गेला?"

म्हणलं, "काय?"

"पन्नास वर्सांनी घेतलं, आन् राव लावंना? परत घे!"

मंग जे हसू फुटलं! साहेब वायर सोडून खाली बसले हसत. डाक्टरीण काचंत डोळे पुसून राह्यली. भाईर बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, आत बायांच्या टाळ्या. अजमतनं जसंच्या तसं लिव्हलं, "राव कुठं गेला" सुद्धा!

डबडं र्‍हायलं. वसंता र्‍हायला. आता तं पुण्यानं डबड्यात येगळी खिडकीच काढली उखाण्याची, बाईनं तिथं घालायचा, नाव आपलं येगळं निघतं म्हणे. जाफराबादला दुसरं डबडं लागलं, तीर्थपुरीला तिसरं, आन् दर उद्घाटनाला मला जीपमधी घालून नेत्यात, नारळासारखं! वसंताचा धंदा वाढून राह्यला, तालुक्याला खोली घेतली, तरी रात्री बाज माझ्याच आंगणात टाकतो. मला आजून काय पाह्यजे?

फकस्त एक झालं. ह्यांना कसलंच दुखणं न्हाई, बीपी न्हाई, साखर न्हाई, तरी रोज सकाळी पायरीवर बसत्यात, म्होरं चहाची कपबशी ठिवली तरी हात लावत न्हाईत. म्हणलं चहा निवून राह्यला, प्या की! तं मिशीत हसून म्हणत्यात, "डबड्याला नाव पाह्यजे."

आता काय करावं बाई! ते डबडं बरं, एकदा लिव्हून घेतलं का जन्मभर गप बसतं… हे डबडं रोज मागतं, आन् राव लावून!