मानेतली डावी शीर

हॅलो?… हॅलो, कोण?… मुंबईहून ट्रंककॉल? जोडा, जोडा, मी शामलाच बोलतेय, वकिलांच्या घरून… हॅलो, भाऊजी! झालं का ऑपरेशन?… झालं! आत्याबाई, तुमच्या लेकाचं ऑपरेशन झालं!… अहो, रडताय काय, मला ऐकू द्या… हं, सांगा भाऊजी.

मानेतली शीर बांधली?… डावी? म्हणजे मी दाबून धरायची तीच!… अहो, तेरच्या रस्त्यावर सायकलवरून पडल्यापासून ह्यांच्या डोक्यात गिरणीसारखी घरघर चालायची ना, ती मी तिथं बोट दाबलं की थांबायची. आत्याबाई ओरडायच्या, नवऱ्याचा गळा काय दाबतेस म्हणून!… काय?… डोळ्यामागं दोन रक्तवाहिन्या फुटून एकीत एक मिसळल्या होत्या?… तरीच डोळा तसा लालभडक. आणि आता घरघर?… नळी लावून ऐकलं डॉक्टरांनी? बंद? अगदी बंद!

मग तुमचा आवाज असा का?… हे बोलत नाहीत?… एक शब्दही नाही?… हो, वाचा जायचा धोका आहे म्हणाले होते, पण… उजवा हात हलतो?… तुमचा हात घट्ट धरला? मग… थांबा, थांबा. डॉक्टरांनी विचारलं काय त्यांना?… बायकोचं नाव?

आणि तुम्ही कुठं होता तेव्हा?… उशाशी?… अहो भाऊजी, ऐका तर! थोरला भाऊ उशाशी उभा, अन् हे बायकोचं नाव घेतील व्हय? लग्नात उखाणा घेताना घामानं सदरा भिजला होता, विसरलात?… मान फिरवली ना? मग! लाजले ते!… हसताय काय, पळा आधी! तुम्ही दाराबाहेर थांबा अन् डॉक्टरांना म्हणावं, आता विचारा… हो, धरते मी…

कोण? तीन मिनिटं झाली? आणखी तीन द्या बाई, हवी तेवढी द्या, पण तोडू नका!

काही नाही आत्याबाई, विचारायला गेलेत… येतील, येतील… माझा पदर सोडा ना जरा…

हॅलो? हॅलो, भाऊजी! बोलले?… बोलले!… दाराबाहेर ऐकू आलं? इतक्या मोठ्यानं?… काय म्हणाले?… शामला?… नुसतं शामला?… आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा?… अगं बाई… भाऊजी, एकदा… हॅलो? हॅलो?…

तुटला.

बोलले हो, आत्याबाई. स्वच्छ बोलले… काय म्हणाले?… ते… ते नका ना विचारू.