सिलोनात गायलेलं व्याह्याचं गाणं

पळून नोती गेली मी, किसनराव! पळून जाणारी बाई डोक्यावर बाजाची पेटी घेऊन जाते काय? बसा, उठू नका—शालूचा बाप येईलच आता, कापसाच्या जीनचा सुटीचा भोंगा होऊन गेला. पोरासाठी पोरगी पाहाले आले तुमी अकोल्याहून, अन् पोरगी राहिली बाजूले, विचारून राहिले तिच्या मायचं! विचारा, विचारा. पाच वर्सं झाले, पण लोकायच्या तोंडात अजून माहं सिलोनच हाय. चहा घ्या आंधी, थंडा होऊन राहिला.

त्याचं असं झालं—मी इथं अमरावतीत दवाखान्यात आया होती. बाळंतिणीले कळा सुरू झाल्या की मी गाणं म्हणो, बाई कण्हणं इसरून गाणंच ऐके. आमच्या डॉक्टरीण लीलाबाई, लई शिकलेल्या—त्यायच्या मनानं घेतलं की गाण्यानं दुखणं हलकं होते. एकसष्ट साली त्यायले सिलोनातल्या एका वेड्यायच्या दवाखान्यातून बोलावणं आलं—गाणारे-वाजवणारे घेऊन या, आमच्या रोग्यायवर करून पाहा. पगार नाही, नुसती सेवा. पेटी-ढोलकीले डोमाजी, सतारीवर नागपूरची एक मास्तरीण, अन् गाण्याले मी, चतुराबाई. शालूचा बाप, जानराव, म्हणे, जा—बुद्धाचा देश हाय, आपण दीक्षा घेतली, घरातल्या एकानं तं पाहून यावं. म्हंजे पाठोलं कोणं? नवऱ्यानंच! हे सांगा तुमच्या अकोल्यातल्या बायायले.

तं गेलो. रेल्वे, मंग बोट, मंग पुन्हा रेल्वे—बोटीत मी इतकी ओकली का समुद्र वितभर वर आला असंन. जेवाले सारं नारळात, भाकरीसाठी जीव तरसे. अन् दवाखान्यात बाया भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. त्यातली एक म्हातारी, सोमावती—लेक मेल्यापासून तिनं तोंड उघडलं नोतं. लीलाबाई म्हणे, चतुराबाई, शांत गा, करुण गा. गायली मी करुण. काय झालं? साऱ्या झोपल्या! डोमाजीही झोपला—पेटी वाजवता वाजवता!

मंग एक दिवस लीलाबाई गेल्या बाहेर. इकडं आपल्याकडं लग्नसराई, माह्या भाचीचं लग्न, अन् मी तिथं नारळ खात बसलेली—आला मले राग. डोमाजीले म्हटलं, धर ढोलकी. अन् देलं उडवून लग्नातलं, व्याह्याले चिडवाचं—

आला बाई आला व्याही, मिशा जश्या झाडू,
एका हाती धोतर धरे, दुसऱ्या हाती लाडू!

तुमचं नाही म्हणत, भाऊ! हात काहून गेला मिशीवर?

तं सोमावती वळली. माह्याकडं पाहे, पाहे—अन् म्हणते, "लाडू!" अर्थ ना तिले ठाव ना कोणाले, पण हसली! गदगदा हसली, अन् मंग अशी रडली का नर्सा धावत आल्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या बाया—झाडू, लाडू, झाडू, लाडू! लीलाबाई परतल्या तं डोळ्यात पाणी—चतुराबाई, काय अर्थ हो या गाण्याचा? आता काय सांगू? म्हटलं, करुणेचा घास भरवणं सुरू हाय. घास तं होताच ना त्यात!

लीलाबाईनं तेच गाणं दवाखान्याच्या समारंभात ठेवलं. अन् पाहुणी कोण? आपल्या वकिलातीतल्या साहेबाची बायको—ते निघाली यवतमाळची! पांढऱ्या कपड्यातल्या बाया, हातात कमळं, डोळे मिटून म्हणून राहिल्या—मिशा जश्या झाडू! साहेबीण लाल झाली. तोंडात पदर कोंबला. मंग राहावलं नाही तिले—उठली अन् विहिणीवरचं कडवं तिनंच जोडलं! सारं उघडं पडलं. लीलाबाई म्हणे, सामान बांध, उद्याच्या बोटीनं चालती हो. तं सोमावतीनं माहा पदर धरला. सोडेच ना. काहीतरी बोले आपल्या बोलीत. नर्सनं समजावलं—लेकीचं लग्न ठरलं होतं हिच्या, अन् पोरगी तापानं गेली. म्हणते, तिच्या लग्नाचं गाणं राहून गेलं होतं.

लीलाबाई म्हणे, सामान राहू दे, चतुराबाई.

मंग बाकीचे वापस आले, मी राहिली. पावसाळा काढला तिथं. सोमावती बोले तिच्या बोलीत, मी आपली वऱ्हाडीत, भांडोही. सकाळी कोणाचा डबा नाही, कोणाचे कपडे नाही. उठो, समुद्र पाहो, गाणं म्हणो. जल्मात पयल्यांदा मले कोणाची घाई नोती, भाऊ. घरी निरोप धाडला डोमाजीजवळ—वादळ हाय, बोट बंद हाय, चतुराबाई अडकली म्हणा. बंद कायची? बोट तं रोज सुटे—

हे मी काहून बोलली? तुमी ऐकलं नाही, हं. शालूच्या बापाले ठाव नाही हे, अन् त्याले जर का कोणी—

अवो! कवा आले तुमी? दारात काहून उभे? ...किती ऐकलं? ...काय? डोमाजीनं तवाच सांगतलं? आल्या आल्या? मंग गावभर वादळाचं सांगत कोण फिरलं—तुमी? अन् पाच वर्सं मले एका शब्दानं—

किसनराव, तुमी जरा अंगणात बसता काय? शालू, पाव्हण्यायले बाहेर खुर्ची टाक. नाही, लग्नाचं मंग बोलू. उठा तुमी आता.