मुलीनं शिवलेलं जाकीट

पँटची चेन बदलायला शिंप्याकडे गेलो होतो. माझ्यापुढे एक आजोबा हातात जाकीट घेऊन उभे होते.

"मास्तर, यात तारा शिवल्यात. माझी मुलगी कपड्यांची डिझायनर आहे, तिनं स्वतः बनवलंय. मी पाठीत वाकलो की हे गुरगुरतं आणि तिच्या मोबाइलवर निरोप जातो."

"मग?"

"मग तिचा फोन येतो, 'बाबा, ताठ बसा.' पेपर वाचायला बसलो की फोन, बूट घालायला वाकलो की फोन."

"म्हणजे डोक्याला तापच की. आणा इकडे, तारा उसवून टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"अहो, तारांना हात लावू नका. तिच्याच सांगण्यावरून रोज चालायला लागलो, पोट उतरलं आणि जाकीट सैल पडलं. आता कितीही वाकलो तरी त्याला पत्ता लागत नाही. चार दिवसांत एक फोन नाही."

"मग तुम्हीच करा की फोन."

"करतो ना. 'कामात आहे बाबा, नंतर बोलते' म्हणते."

शिंप्यानं गळ्यातली टेप काढली.

"उभे राहा. किती आवळू?"

"नुसता शिंकलो तरी तिला कळलं पाहिजे, इतकं."